मालगाडी सांगलीत कुठे थांबली

हणमंत, गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी कुपवाडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रकची मागून धडक बसून तू गेलास. तू सायकलवरून कामाला निघाला होतास. रस्ता सरळ होता, धुके नव्हते. आपण हॉर्न वाजवला, असे ट्रकचालकाने सांगितले. रस्त्याकडेला उसाच्या रसाचा गाडा लावणाऱ्या माणसानेही तो ऐकला होता. बातमी मीच लिहिली. जिल्ह्याच्या पानावर तळाला तिला जागा मिळाली. ‘हॉर्न देऊनही सायकलस्वार बाजूला झाला नाही, असे समजते’ हे वाक्य मी लिहिले, खोडले आणि पुन्हा लिहिले. ते खरे होते. बाजूला का झाला नाही, हे मला माहीत होते. पण पोलिसांच्या जबाबात ते नव्हते आणि छापायला तुझी परवानगी नव्हती.

तुझे वय, गाव, पलटण, मागे कोण कोण, हे सगळे त्या बातमीत आले आहे. इथे ते पुन्हा लिहीत नाही. इथे मला फक्त आपल्या अर्ध्या राहिलेल्या भांडणाबद्दल बोलायचे आहे. तालमीच्या कार्यक्रमात मालगाडी शेवटपर्यंत वाजली की नाही? तू वाजली म्हणत होतास. मी नाही म्हणत होतो. तू गेलास तो वाजली असे धरूनच गेलास.

मालगाडी हे नाव तूच ठेवलेले. ज्या बँडचा तो तुकडा होता, त्यांना ते ठाऊकही नव्हते. पुण्याच्या कॅम्पातले ते पाच जण, ‘द नाइट लँटर्न्स’. मिरज-सांगलीत जे दहा-वीस लोक त्यांना ओळखत, ते त्यांना कंदीलवाले म्हणत. तू तोफखान्यात भरती झालास, त्या साली जवानांच्या करमणुकीसाठी ते तुमच्या सेंटरवर आले होते. तोपर्यंत तू हलगी ऐकली होतीस, जत्रेतला तमाशा ऐकला होतास आणि हॉटेलातल्या रेडिओवरची गाणी. सुट्टीवर आलास आणि कऱ्हाडच्या घाटावर बसून तू तो तुकडा मला तोंडाने वाजवून दाखवलास. त्यात शब्द नव्हते. आधी जाड तारेवर हळू ठोके, स्टेशनातून मालाचे डबे हलावेत तसे. मग ढोल मिळतो. मग वेग. आणि सगळ्यात शेवटी बाकीचे गप्प होतात, एकटी गिटार पातळ होत वर वर जाते आणि वरच राहते. तो वरचा भाग तुझ्या तोंडातून निघेना. तू शिट्टी घालून बघितलीस, तीही पुरेना.

“हितं आलं की माझं संपतं बघ,” तू म्हणालास. “पर त्यो गडी हितनं सुरू करतोय.”

नंतर एकाहत्तरची लढाई झाली. कानात घालायला कापूस होता तोवर कापूस घातला, संपल्यावर चिंधी घातली, असे तू एकदा सांगितलेस. परत आलास तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. महिनाभरात जाईल, असे कुणीतरी तुला सांगितले होते. शिट्टी गेली नाही, बाकीचे जायला लागले. आधी चिमण्या गेल्या. मग चहाच्या भांड्याची वाफ गेली. मग लहान पोरींचे बोलणे. जाड आवाज राहिले: ट्रकचे इंजिन, ढोल, माझा आवाज; पुढे तेही अगदी जवळ असले तरच कळायचे. तू हे माझ्याशिवाय कुणाला सांगितले नाहीस. कुपवाडच्या वर्कशॉपात लेथवर उभा राहिलास. तिथे सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कुणाला कळले नाही. मिरजेच्या डॉक्टरकडे तू मला घेऊन गेलास, कारण डॉक्टर काय म्हणतो ते तुला पुरते ऐकू आले नसते. आतली नस गेली आहे, त्याला औषध नाही, आहे ते जपा, असे ते म्हणाले. बाहेर आल्यावर तू विचारलेस आणि मी तोंडासमोर उभा राहून तेच शब्द सांगितले.

“थोडं गोड करून सांगाय न्हाई येत तुला,” तू म्हणालास. “पेपरवाला कुटला.”

त्या दिवसापासून तू रोज सकाळी सायकलला टेकून तिची घंटी वाजवायचास. काही दिवशी ती ऐकू यायची, काही दिवशी यायची नाही. आली की दिवसभर तुझा चेहरा वेगळा असायचा. मी न विचारताच ओळखायचो.

तू काय वाचवायला बघत होतास, हे मला उशिरा नीट समजले. सगळे कान वाचणार नाहीत, हे तुला मान्य होते. तुला तो वरचा भाग एकदा हवा होता. “डोक्यात हाय रं,” तू म्हणायचास, “पर झिजतंय. रोज काडून बगतो म्हनून झिजतंय. एकदा नवा भरून घेतला की मग काय का हुईना.”

आणि मग इस्माईलभाईंनी कंदीलवाल्यांना सांगलीला आणायचे ठरवले.

इस्माईलभाई मिरजेचे शिंपी. तरुणपणी पुण्याच्या कॅम्पात काम शिकले, तेव्हा त्या बँडचे कोट त्यांनी शिवले होते. त्यामुळे बँड आपल्या घरचा आहे, असे ते धरून चालत. सांगलीतल्या एका तालमीला आखाड्यावर पत्रे घालायचे होते, मदतीचा कार्यक्रम करायचा होता. तालमीचे अध्यक्ष आप्पा, जुने पैलवान. त्यांच्याशी झालेले बोलणे मी समोर बसून ऐकले.

“इंग्रजी बाजा?” आप्पा म्हणाले. “आपल्यात कोन ऐकनार त्यो?”

“आप्पा, ऑर्केस्ट्रा सगळेच आनत्यात. ह्यो अजून कुनी आनला न्हाई. बगायला येत्याल लोक. ऐकायचं ऱ्हाऊ द्या.”

“बाया नाचत्यात का त्यात?”

“न्हाई.”

“मग बगायचं काय?”

“पन्नाशीची मानसं कशी उड्या मारत्यात, ते बगायचं.”

आप्पांनी जरा विचार केला. “मी पन्नाशीत उडी मारली तर लोक दवाखान्यात न्हेतील,” ते म्हणाले आणि हो म्हणाले.

तू तालमीला दिव्यांसाठी लोखंडी उभे स्टँड करून दिलेस, वर्कशॉपच्या सुट्टीत, एकट्याने. त्याबद्दल तू फक्त बसायची जागा मागितलीस: स्टेजखाली उजव्या अंगाला, गिटारच्या आवाजाच्या पेटीला पाठ लावून. आप्पांना वाटले तू खुळा आहेस. पुढे तोंड करून बसायची जागा सोडून हा पाठ का लावतोय? तू म्हणालास, “माजी पाठ दुकती, तेवडीच शेकून निगंल.”

फेटाही तूच सुचवलास. गिटारवाल्याचा सत्कार करा, एवढी वर्षे वाजवतोय, फेटा मी आणतो, असे तू आप्पांना म्हणालास. आप्पा खूश झाले. लाल आण, म्हणाले. तू लाल आणलास, रुंद पन्ह्याचा, चांगल्या कापडाचा. मला दुकानात घेऊन गेलास आणि बोटांत धरून दाखवलास. केव्हा बांधायचा, हे तू सांगितले नाहीस. आप्पांनी विचारले नाही. विचारायचे कारणच नव्हते. फेटा केव्हा बांधतात, हे त्या पटांगणातल्या प्रत्येकाला माहीत होते.

कार्यक्रम दिवाळीनंतर झाला. आणीबाणी उठून काही महिने झाले होते, लोकांना गर्दी करायची हौस आली होती. पटांगण भरले. आखाड्याची तांबडी माती झाकून त्यावर स्टेज बांधले होते. पुढे तालमीची पोरे, मागे शेतकरी, डाव्या अंगाला बायका. कंदीलवाले चढले तेव्हा हशा झाला. ढोलवाला जाड होता, गिटारवाल्याला चष्मा होता आणि पाचही जणांचे कोट पोटावर तणावले होते. ते कोट इस्माईलभाईंचे होते, त्यांनी नजर खाली घातली.

माझ्या मागे दोन माणसे बोलत होती. नावे मला माहीत नाहीत.

“आजा हाय की रं ह्यो.”

“असू दे आजा. त्याच्या बोटाकडं बग.”

“बोटाकडं काय बगू, पँटीकडं बगवंना.”

पहिल्या गाण्याला बायकांनी कानावर पदर घेतले. दुसऱ्याला निम्म्या बायकांनी ते काढले. तिसऱ्याला तालमीची पोरे उठून नाचायला लागली आणि वस्तादांच्या भीतीने पुन्हा बसली. मागचे ते दोघे बोलायचे थांबले. मग एक म्हणाला, “हे आमच्या बाला दावाय पायजे हुतं.” दुसरा म्हणाला, “तुजा बा हितंच हाय. त्यो बग, त्या खांबाजवळ मान हालवतोय.” बँडचे वय झाले होते, गाणाऱ्याचा दम मध्येच तुटत होता. तरी ते ज्या पद्धतीने एकमेकांकडे न बघता थांबत आणि एकदम सुरू होत, ते मी त्यापूर्वी कुठल्याही ऑर्केस्ट्रात पाहिलेले नव्हते. हे मी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात लिहिले आणि ते छापले गेले.

तू डोळे मिटून बसला होतास. एक तळहात पेटीच्या लाकडावर सपाट. मी तुझ्या समोर मातीवर बसलो होतो, म्हणजे काही विचारायचे झाले तर तुला माझे तोंड दिसावे.

मग मालगाडी सुरू झाली. जाड तारेवरचे ठोके पडले आणि तुझा चेहरा बदलला. तू डोळे उघडून मला खूण केलीस, हीच. डबे हलले, ढोल मिळाला, वेग आला. तालमीची पोरे शिट्ट्या घालायला लागली, कुणीतरी टोपी उडवली. आप्पा स्टेजच्या पायरीशी उभे होते. त्यांनी टोपी उडालेली बघितली. कुस्तीच्या मैदानात टोपी उडाली म्हणजे डाव पडला, गडी जिंकला. जिंकलेल्याला फेटा तिथल्या तिथे बांधतात, घाम वाळायच्या आत. थांबवून ठेवणे हा अपमान. आप्पा लाल फेटा घेऊन स्टेजवर गेले आणि त्यांनी हात वर केला.

ढोल थांबला. जाड तार थोडी पुढे गेली आणि थांबली. गिटारवाला एकटाच वाजवत राहिला, मग आप्पांना समोर बघून त्यानेही हात उचलला. निवेदकाने माइक घेतला. पुण्याहून आलेल्या या बुजुर्ग कलावंताचा तालमीच्या वतीने वगैरे तो बोलला. आप्पांनी फेटा बांधला. पैलवानाला बांधतात तसा, घट्ट, कपाळावरून कानांवर घेत. लोक उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या. गिटारवाल्याने हात जोडले. मग त्याने ढोलवाल्याकडे बघत थोडे काहीतरी वाजवले, थांबला, मान हलवली आणि बँडने दुसरे गाणे धरले.

तू यातले काही पाहिले नाहीस. तुझी पाठ स्टेजला होती. पेटीतले ठोके बंद झाल्याचे तुझ्या पाठीला कळले. तुकड्याची रचना तुला पाठ होती: आधी बाकीचे गप्प होतात, मग एकटी गिटार. तू वाट बघितलीस. तुझ्या समोर सगळे पटांगण होते. माणसे उभी होती, तोंडे उघडी, हात वर, टोप्या हवेत. शेवट ऐकून लोक उठले आहेत, असे ते दिसत होते.

“वरचं झालं?” तू विचारलेस.

“न्हाई वाजलं,” मी म्हणालो. “मधीच थांबवलं. फेटा बांधला.”

तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. तुला शब्द कळले. मग तू माझ्या खांद्यावरून त्या उभ्या माणसांकडे बघितलेस आणि पुन्हा डोळे मिटलेस. पुढची गाणी झाली तोवर तुझा तळहात पेटीवर नव्हता, मांडीवर होता.

माझ्या वृत्तांतात एक वाक्य होते: ‘सत्कारासाठी वादन मध्येच थांबवण्यात आल्याने हा तुकडा अपुरा राहिला.’ सकाळी अंक आला, तेव्हा फेट्यातल्या गिटारवाल्याचा फोटो होता आणि ते वाक्य नव्हते. फोटो मोठा लागला म्हणून खालचे कापले होते. असे नेहमी होते. तू अंक घेऊन माझ्या कचेरीत आलास आणि टेबलावर ठेवलास.

“पेपरात पन न्हाई,” तू म्हणालास.

“मी लिहिलं होतं. कापलं.”

“व्हय, कापलं असंल.”

त्या रविवारी दुपारी आपण मिरजेला इस्माईलभाईंच्या दुकानात गेलो. तुला चार लोकांना विचारायचे होते. तू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलास, म्हणजे इस्माईलभाई मशीनवरून मान वर करतील तेव्हा त्यांचे तोंड तुला दिसेल.

“इस्माईलभाई, ते शेवटचं, वर जातंय ते. वाजलं हुतं का?”

“वाजलं हुतं का?” त्यांनी मशीन थांबवले. “काय वाजलं वो! अंगावर काटा आला माज्या. मी कॅम्पात किती येळा ऐकलंय, पर सांगलीत जे वाजवलं ते वाजवलं.”

“तुम्ही कुठे होता तेव्हा?” मी विचारले.

“स्टेजच्या मागं. त्या जाड तारवाल्याच्या कोटाचं बटान तुटलं हुतं, दुसरा कोट हुडकत हुतो.”

“मग ऐकलंत कसं? त्या वेळी फेटा बांधत होते.”

“आवं, फेटा बांधला म्हनून काय झालं? बांधून झाल्यावर वाजवला की. ती मानसं काय अर्धं सोडनारी हायत? तुमी पेपरवाले प्रत्येकात खोट काडताय.”

फेट्यानंतर जे थोडे वाजले, ते कशाचे होते, यावर मी बोलायला लागलो. तू हाताने थांबवलेस. दुकानात तालमीतला एक पैलवान लेंगा टाकायला आला होता. तू त्यालाही विचारलेस. तो म्हणाला, “लय वर गेला त्यो म्हातारा. खल्लास केलं.” केव्हा वर गेला, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “हे काय, फेटा घालून. फोटो आलाय की पेपरात.”

मी तेव्हा काहीही पुराव्याने सांगू शकत नव्हतो. त्यांना ते आठवत होते. माझ्याशिवाय, ज्याला म्हणून तू विचारलेस, त्या प्रत्येकाला ते आठवत होते. बँड गोव्याला एका हॉटेलात हंगामाच्या करारावर गेला होता. मी ट्रंक कॉल लावला. लागला तेव्हा पलीकडच्या माणसाला कोण हवे ते कळेना. दुसऱ्यांदा लागला नाही.

परत येताना तू सायकल हातात धरून चालत होतास. कृष्णेच्या घाटावर थांबलो. तू माझ्या समोर येऊन उभा राहिलास, मी बोललो तर दिसावे म्हणून, पण मला बोलू दिले नाहीस.

“एक सांगतो, रागावू नगंस,” तू म्हणालास. “तुला खोटं बोलाय येत नव्हतं. डाक्टरचं ऐकून आलास तवा सुदिक तसंच्या तसं सांगितलंस. मला राग आला हुता तवा. आता त्या दिवशी तू माज्या तोंडाकडं बगून म्हनलास, न्हाई वाजलं. मला लय बरं वाटलं, गड्या. न्हाई वाजलं म्हनून न्हवं. तू माज्यासाटी खोटं बोललास म्हनून.”

“हणमंत, मी खरं सांगितलं.”

“व्हय, व्हय. तसंच म्हन. मोडू नगंस आता.”

मी पुन्हा सांगितले. मोठ्याने सांगितले. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी वळून बघितले. तू हसलास आणि माझ्या दंडावर थापटलेस. त्यानंतर मी जितक्या वेळा सांगितले, तितके ते तुला जास्त खोटे वाटले आणि तितका तू माझ्याशी जास्त मायेने वागलास. माझ्याकडे दुसरे वाक्य नव्हते.

घंटी वाजवून बघायचे तू बंद केलेस. मी विचारले तर म्हणालास, “आता कशाला? परीक्षा झाली की.” मला ठाऊक आहे की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती तुला आली होती. तू माझ्या दारात येऊन सांगितलेस, दोन्ही कानांना आली म्हणून. म्हणजे तो वरचा भाग वाजला असता, तर कदाचित आला असता. कदाचित नसता. यातले काहीही सिद्ध करता येत नाही. मी ते फक्त नोंदवतो.

मिरजेच्या डॉक्टरने पुढची वेळ दिली होती, तीही तू चुकवलीस. मात्र चिडला नव्हतास. कामावर जात होतास. रविवारी येऊन बसत होतास, मी काय लिहिले ते वाचून चुका काढत होतास. ‘असे समजते’ या दोन शब्दांवर तुझा खास राग होता. “कुनाला समजतं?” तू विचारायचास. “नाव लिव की त्याचं.” आणि मी बातमीच्या भाषेचे नियम सांगत बसायचो. ते भांडणही तसेच राहिले. तुझ्याविषयीच्या बातमीत ते दोन शब्द आलेच.

तू गेल्यावर मी तुझ्या घरी गेलो, तेव्हा सुमनवहिनी चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांना काही माहीत नसेल, असे तू धरून होतास. एका कानाने थोडे कमी येते, एवढेच तू घरी सांगितले होतेस.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “त्यास्नी ऐकू येत नव्हतं, हे मला लगीन झाल्यापासनं म्हाईत हुतं. मी मागनं कवा हाक मारली न्हाई. हातातलं काम टाकून म्होरं यायची आनि मग बोलायची. त्यास्नी वाटायचं मला म्हाईत न्हाई. वाटू दिलं.”

मी पाट ओढून त्यांच्या समोर बसलो.

“त्या बाजाच्या दिशी घरी आले आनि मला म्हनले, सुमे, ते वाजलं, सगळ्या गावानं ऐकलं, मला आलं न्हाई. असं कवा बोलले नव्हते माज्याजवळ. त्या दिवसापासनं रस्त्यानं जाताना मागं बगायचं सोडलं त्यांनी. आदी लय बगायचे. मानंला कळ यायची इतकं वळून वळून बगायचे.” मग त्यांनी विचारले, “ते खरंच वाजलं हुतं का वो?”

“नाही, वहिनी. वाजलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितले. तुझी नजर होती ती. “तुमी त्यांचं दोस्त,” त्या म्हणाल्या. “तुमी तेच म्हननार.”

मी तेच म्हणणार. मी घरी आलो.

मागच्या रविवारी इस्माईलभाई सकाळीच आले. कंदीलवाले गोव्याहून पुण्याला परत चालले होते, वाटेत कऱ्हाडजवळ मलकापूरला हायवेवरच्या हॉटेलात जेवायला थांबणार होते. त्यांचे शिवलेले दोन कोट द्यायचे होते. तुम्हीही चला, म्हणाले. तू गेल्यापासून ते माझ्याशी नीट बोलले नव्हते आणि मीही त्यांच्याशी नाही. एसटीत आम्ही शेजारी बसलो. इस्लामपूर जाईपर्यंत ते मांडीवरच्या कोटांची घडी नीट करत राहिले.

गिटारवाला हॉटेलाच्या बाहेर बाजेवर बसला होता. दिवसा जवळून त्याचे वय जास्त दिसते. मी त्याला सांगलीचा कार्यक्रम विचारला. त्याला लगेच आठवला. कॅम्पातल्या लोकांची असते तशी मराठी तो बोलतो.

“सांगली ना? तो लाल कपडा? अरे बाबा, कोण विसरेल? सगळीकडे हार घालतात, ते संपल्यावर घालतात. तुमच्या पैलवानाने मध्येच बांधला. चांगला आहे कपडा, माझी बायको तो टेबलावर घालते.”

“त्या तुकड्याचा शेवट. एकटी गिटार असते तो. फेटा बांधल्यावर तो वाजवलात का?”

“नाही,” तो म्हणाला. “सुरू केला होता. पण त्याने इतका घट्ट बांधला, माझे दोन्ही कान आत गेले. मला माझीच गिटार ऐकू येईना. वरची तार तर काहीच नाही. ऐकू येत नसेल तर कसं वाजवणार? काढला असता तर पब्लिकला वाईट वाटलं असतं. मग मी त्यांना मान हलवली, सोडा, दुसरं घ्या.”

इस्माईलभाईंच्या हातात कोट होते. ते त्यांनी बाजेवर ठेवले.

“पुरा नाही वाजवला तुम्ही?” त्यांनी विचारले. “सांगलीत?”

“नाही वाजवला,” गिटारवाला म्हणाला.

आम्ही दुपारच्या एसटीने परत आलो. सांगली स्टँडवर उतरल्यावर इस्माईलभाई मिरजेच्या गाडीकडे गेले नाहीत, माझ्याबरोबर तुझ्या घरी आले. सुमनवहिनी दारात होत्या. त्यांना ते इस्माईलभाईंनी सांगितले, मी नाही. सांगलीच्या कार्यक्रमात मालगाडीचा शेवटचा भाग वाजला नव्हता.